सात नंबरची गाडी

लढाईच्या त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग जबलपूरला, माझ्याच गावी, फौजेच्या वर्कशॉपमध्ये होती. कारखान्यातून आलेले ट्रक तपासायचे, आघाडीवर धाडायचे आणि आपण मागे राहायचं. सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग संध्याकाळपर्यंत ग्रीस. शेजारच्या बेंचवर नायक शंकर ठोंबरे असायचा. तोही जबलपूरचाच मराठी. बिघडलेली गाडी आली की सुभेदारसाहेब आधी त्याला हाक मारायचे, मग मला. मी त्याच्यावर जळायचो. त्याला ते ठाऊक होतं आणि तो हसण्यावारी न्यायचा.

ताफ्यासोबत एक मेकॅनिक पाठवायचा हुकूम आला. जागा एकच. मला ती हवी होती. सीनिऑरिटी पाहून साहेबांनी माझं नाव दिलं, ठोंबरे रिझर्व्ह. पहिल्यांदाच माझं नाव त्याच्या आधी आलं. त्या रात्री मी छान झोपलो.

सकाळी ताफा अधारतालच्या रस्त्यावर उभा राहिला. घरची माणसं निरोपाला आली होती. माझ्या आईनं सात नंबरच्या, म्हणजे माझ्या ट्रकच्या बॉनेटला कुंकू लावलं, हार घातला आणि लोटाभर नर्मदेचं पाणी ओतलं. आमच्याकडे गाडी दूर निघाली की हे करतातच.

निघायचा हुकूम झाला आणि माझी गाडी सुरू होईना. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर फिरत होता. पेट्रोलमध्ये कचरा असणार असं मी धरून चाललो. फिल्टर उघडला, कार्बोरेटर उघडला. दोन्ही स्वच्छ. वायरलेसवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, "सात नंबर, क्या देरी है?"

सुभेदारसाहेब आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, "जो चालू करेगा, वही जाएगा."

ठोंबरेनं इंजिनाकडे पाहिलंही नाही. तो माझ्या आईकडे गेला.

"काकू, पाणी कुठं टाकलं तुम्ही?"

"बॉनेटवर. काहून रे?"

पाणी बॉनेटच्या फटीतून प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर उतरलं होतं. ओलं झाल्यावर ठिणगी कुठून पडणार? त्यानं झाकण काढलं, मफलरनं आतबाहेर पुसलं, परत बसवलं. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. माझी ट्रंक उतरली, त्याची चढली. वर्कशॉप सांभाळ, मी जाऊन येतो, असं तो म्हणाला. मी हो म्हणालो. तोंड कडू झालं होतं.

तो आला नाही. आघाडीवर बंद पडलेली गाडी ओढून आणताना त्याच्याजवळ तोफेचा गोळा पडला.

वर्कशॉपच्या दारात आता एक दगड आहे, त्यावर त्याचं नाव आहे. दरवर्षी परेडला ते मोठ्यानं वाचतात, सगळे सॅल्यूट करतात. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात आधी जळतंच. ती जागा माझी होती. मग त्याची बायको हार घालायला पुढे येते. गेल्या वर्षी परेड संपल्यावर तिनं माझ्या नातवंडांची चौकशी केली. एकेकाचं नाव विचारलं, कोण कुणावर गेलंय ते विचारलं. मी सांगत गेलो, ती हसून ऐकत राहिली. जळायचा हक्क खरं तर तिचा होता. तिनं तो एकदाही वापरला नाही.