आमच्या विहिरीचं मीटर

आमच्या पुढच्या खोलीत वायरी साठतात तसेच किस्सेही साठतात. झाडून काढायला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "काकू, टाकू नका, लागणार हाय ते." म्हणून दोन्ही ठेवून दिलेत.

ही खोली म्हणजेच कंपनी. शहापूरच्या गल्लीत, शेजारी मागांची खडखड. माझा मुलगा संमेद आणि कॉलेजातले त्याचे सोबती रेणुका आणि बसू, अशा तिघांनी ती काढली. विहिरीत सोडायचं मीटर बनवतात. पाणी किती उरलंय ते मोबाइलवर कळतं, म्हणजे माणूस मोटर जपून चालवतो. दोन वर्षांपूर्वी संमेदला बेंगळूरला नोकरी लागली. कंपनी माझ्याकडे राहिली, मुलगा गेला.

*

पहिलं मीटर बसलं उचगावात, रेणुकाच्याच वडिलांच्या विहिरीत. आठवड्याच्या आत मेसेज गेला, पाणी कमी आहे, मोटर बंद ठेवा. तिचे आप्पा भडकले. "विहीर माझ्या आज्ज्यानं खांदलेली. आन् तिची तब्येत मला ह्या डबीनं सांगायची व्हय?"

मोटर मात्र बंद केली. आता दिवसातनं दहा वेळा मोबाइल बघतात. रेणुकाची आई परवा मला म्हणाली, "आक्का, एक मीटर माझ्या पोटात पण सोडायला सांगा की. मी किती आटलीया ते तरी कळंल ह्यास्नी."

*

मीटरची बॅटरी लवकर संपायची. किती बॅटऱ्या फेकायच्या, म्हणून बसू महिनाभर डोकं धरून बसला होता. मग त्यानं अशी सोय केली की पाणी हललं नाही तर मीटर झोपून राहतं. बॅटरी लई दिवस पुरायला लागली.

रेणुकानं विचारलं, "कुठनं सुचलं रं तुला?"

बसूनं देवघराकडं बोट केलं. "काकूंचा चतुर्दशीचा उपास बघून. दिवसभर खाणं न्हाय, बोलणं न्हाय. पण दार वाजलं की पयलं ह्याच उठतात."

*

एकदा बेंगळूरचे एक साहेब कंपनी बघायला आले. पर्यावरणासाठी तुमची पॉलिसी काय, असं त्यांनी विचारलं. मी पाणी घेऊन आले होते, मला वाटलं मलाच विचारलं. सांगून टाकलं, "पाणी गाळून पितो. अंघोळीला एकच बादली. जुनी वस्तू मोडल्याबिगर नवी आणत न्हाय."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. "हे कधीपासून लागू केलंत?"

मी म्हटलं, "ते माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंना विचारायला पाहिजे."

*

आमच्या परसातल्या विहिरीचंच पाणी प्यायचा माझा नेम आहे. आम्ही जैन, पाणी गाळूनच पितो; गाळलं की कापडावर बारीक जीव उरतात. ते पुन्हा त्याच विहिरीत, कळशीनं अलगद पाण्यापर्यंत नेऊन सोडावे लागतात. वरनं ओतले तर मरतात.

त्या विहिरीतही एक मीटर आहे, चाचणीसाठी. त्याचे मेसेज जिकडं जातात त्या यादीत संमेदचा नंबर अजून तसाच होता. रेणुकानं एकदा विचारलं होतं, "काढू का काकू?" मी म्हटलं, "राहू दे."

एका गुरुवारी कळशीचा दोर मीटरच्या वायरीत अडकला आणि मीटर पाण्याच्या वर आलं. मी सोडवत होते तोवर फोन वाजला.

"आई, विहीर आटली?"

एरवी त्याचा फोन रविवारी येतो. जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवू का. त्या दिवशी मात्र विहिरीपासून सुरुवात झाली आणि आम्ही कढीपत्त्याच्या झाडापर्यंत पोचलो. ठेवू का म्हणायचं तो विसरलाच.

*

पुढच्या गुरुवारी वायर मी हातानं ओढली. त्याच्या पुढच्याही. फोन यायचा. "बघते हं," म्हणायचे आणि मीटर खाली सोडायचे. बोलणं मात्र पुढं चालू राहायचं. खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेली बाई मी. संध्याकाळी जादा माळ ओढायचे, पण मन काही मानायचं नाही.

इकडं रेणुका मोबाइल घेऊन बसूपुढं बसली. "आपली विहीर दर गुरुवारी आटतीया आन् पाच मिनिटांत भरतीया. असं कुठं असतंय?" बिचाऱ्या बसूनं मीटर उघडलं, आतलं सगळं बदललं. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी तसलंच मीटर एका गावाला बसवायला न्यायचं होतं. तो म्हणाला, "ह्याच्यावर भरवसा न्हाय. आख्खं डिझाइनच रद्द करतो."

पोरांचं इतक्या वर्षांचं काम माझ्यापायी बुडणार होतं. मी दोघांना बसवलं आणि सांगितलं. बसू मीटरचे स्क्रू पुसायला लागला. रेणुका म्हणाली, "म्हंजे मीटर बरोबर हाय."

मग संमेदला मीच फोन लावला. "बाळ, विहिरीला काही झालेलं न्हाय. मीटर मी ओढत होते."

पलीकडं गाड्यांचा आवाज येत होता.

"आई," तो म्हणाला, "गुरुवारी नको ओढू. मीटिंग असते, मला बाहेर पळत यावं लागतं. बुधवारी ओढ."