आत्याची ज्वारी

आमच्या गल्लीतल्या आत्याइतकं मन लावून काहीही न करणारं माणूस मी उभ्या सोलापुरात पाहिलं नाही. आत्या सुईण होती. सात रस्त्याच्या आसपासची निम्मी पोरं तिच्या हातांवर या जगात आली, पण हात लावण्यात बाई भलती कंजूष. बाळंतिणीच्या घरी येताना एक सूप आणि शेरभर न निवडलेली ज्वारी बरोबर. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं आहे ते बघायचं, दोरा-कात्री उकळत टाकायची आणि भिंतीला टेकून ज्वारी निवडत बसायचं. "रिकामं हात लई वाईट, मास्तर," ती म्हणायची, "उगाच कुटंबी घुसत्यात." हे शहाणपण तिला सांगोल्याकडच्या माळावर, बापाच्या व्यायला आलेल्या मेंढरांनी शिकवलं होतं.

एका वर्षी सरकारी हुकूम निघाला, की सुइणींनी परीक्षा द्यायची. नापास होईल तिनं बाळंतपणं करायची नाहीत. "मग मेंढरं राखीन की," आत्या म्हणाली, पण बोलताना तिनं एकच खडा तीनदा उचलून पाहिला. परीक्षेला बाळंतीण नेमकी माझी बायको, तीही पहिलटकरीण. एरवी शाळेत पोरांच्या परीक्षा घेणाऱ्या मला त्या सकाळी दरदरून घाम फुटला. परीक्षा घ्यायला डॉक्टरीणबाई चामडी बॅग आणि छापील कागद घेऊन आल्या. माझ्या येरझाऱ्या पाहून आत्यानं अर्धी ज्वारी ताटात ओतून माझ्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.

आतलं मला बायकोनं नंतर सांगितलं: ती खांब धरून फेऱ्या मारत होती. आत्या मधूनच तिची कंबर चोळी, गुळाचं पाणी पाजी, पुन्हा सुपाशी बसे. दुपार झाली. बॅगेचा खटका वाजला, आतला बाळ ओढून काढायचा चिमटा खणखणला.

"अजून किती वेळ नुसतं बसायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोराचं ठोकं ऐका की, बाई. नीट हायत?"

"आहेत."

"आईला ताप?"

"नाही."

"मग घाई कुणाला हाय? तुमच्या चिमट्याला?"

"आणि बिघडलं तर?"

"रगत लई गेलं, झटकं आलं, पोर आडवं लागलं, तर सूप टाकून आदी टांगा आणवीन. मास्तर हायत की दाराला चिकटून."

बॅग मिटली. फटीतून मला फक्त सूप दिसत होतं. थोड्या वेळानं पाहतो तो त्यात आत्याच्या हातांशेजारी डॉक्टरीणबाईंचेही हात! मग सूप सरकलं, हात धुतल्याचा आवाज आला, आत्याचं "आता, माझे बाय, आता," आणि मग ते रडणं.

"पोरगी हाय. मायलेकी झ्याक," आत्या बाहेर येऊन म्हणाली आणि माझ्या ताटाकडं पाहतच राहिली. ताटात मी सगळे खडे जपून ठेवले होते; ज्वारी अंगणात चिमण्या टिपत होत्या.

"मास्तर नापास!"

"तुम्ही मात्र पास," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. 'सुइणीने काय केले' या रकान्याशी त्यांचा टाक बराच वेळ अडला होता. शेवटी त्यांनी लिहिलं, 'लक्ष ठेवून थांबली.'

परवा तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. कुणी न सांगता मी सूप घेऊन दाराशी बसलो. सगळं सुखरूप पार पडलं. या खेपेला खडे अंगणात गेले आणि ज्वारी सुपात राहिली. ती तपासायला आत्या तेवढी नव्हती.