पुळणीत रुतलेली फियाट

समुद्राचं पाणी गाडीत शिरलं तेव्हा पाळकसाहेब पुढच्या सीटवरून उतरले, गुडघाभर पाण्यातून मागच्या दाराशी गेले आणि आत मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले. मास्तरांचं अर्धं अंग लुळं होतं. ते म्हणत होते, "तू जा. तू तरी जा." पाळकसाहेब म्हणाले, "बसतो जरा." जसे काही कुणाच्या ओटीवर चहाला आले होते. मी बसले नाही. मला मरायचं नव्हतं. मी पातळ वर खोचलं आणि ओरडत किनाऱ्याकडे निघाले.

हा त्यांचा स्वभाव. दुसऱ्याला उठता येत नसेल तर त्याच्याजवळ बसायचं, दुसरा उभा असेल तर त्याच्याजवळ उभं राहायचं. त्याने काम होतं का? पुष्कळदा होत नाही. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं आहे. ते म्हणायचे, "सगुणाबाई, काम करायला तुम्ही आहात की."

मी पालघरला मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. ते तिथे पाळक म्हणून आले तेव्हा माझी धाकटी रांगत होती. त्यांचं प्रवचन काही विशेष नव्हतं, अर्धी मंडळी डुलक्या घ्यायची. प्रार्थना मात्र ते आखूड करत. "प्रार्थना लांबली की सगुणाबाईंचा भात करपतो," असं म्हणायचे. एवढ्याचसाठी मला ते आवडू लागले.

मिशनची जीप त्यांच्या ताब्यात होती. ती कधी रिकामी गेलेली मी पाहिली नाही. रस्त्यात हात केला की गाडी थांबायची. सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन कोळणी बसायच्या, मनोरच्या बाजूची वारली माणसं कोंबड्या घेऊन बसायची. रविवारी त्याच जीपमधून पाहुणे मिशनच्या देवळात यायचे आणि भजनभर अंगाला बोंबलांचा वास. बोर्डिंगचे मास्तर नाकाला रुमाल लावून पेटी वाजवायचे. ते आणि पाळकसाहेब मोठे दोस्त. अरेतुरेतले. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वाद घालायचे आणि माझे शेंगदाणे संपवायचे.

वाद लागला तो वाघोबाच्या खिंडीवरून. पालघरहून मनोरला जाताना ही खिंड लागते. तिथे वाघोबाचं ठाणं आहे. गाडीतली माणसं तिथे थांबून हात जोडतात, मग पुढे जातात. पाळकसाहेब त्यांच्यासाठी जीप थांबवायचे, इंजिन बंद करायला लावायचे आणि सगळे परत येईपर्यंत वाट बघायचे. मास्तर म्हणाले, मिशनचं पेट्रोल वाघाच्या देवासाठी जाळायचं का? साहेब म्हणाले, "बंद गाडीला पेट्रोल लागत नाही."

तोवर ते हसण्यावारी होतं. मग कुणीतरी मास्तरांना सांगितलं की साहेबांनी स्वतः खिंडीत उतरून हात जोडले, आपण डोळ्यांनी पाहिलं. मास्तर कडक माणूस. त्यांनी दोस्ताला काही विचारलं नाही, सरळ मिशनमध्ये वर तक्रार केली. वरून साहेबांना विचारणा झाली, तर हे गप्प. महिन्याभरात त्यांची देशावर बदली झाली. मास्तर निरोप द्यायला आले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसणंही सोडलं.

पंधरा-सोळा वर्षं गेली. मिशनची जीप भंगारात गेली, बोर्डिंग बंद झालं. पाळकसाहेब निवृत्त झाले, बायको वारली, छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी वजन उचलू नका, दगदग करू नका म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी मुलाची फियाट घेतली आणि एकटे गाडी चालवत पालघरला माझ्या दारात आले. जुन्या सगळ्यांना एकदा भेटायचं होतं. "सगळ्यांना" म्हणत होते, पण मला कळत होतं कुणाला. मास्तरांना अर्धांगवायू झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी एकदा तरी आपल्याशी बोलावं, दोघांपैकी कुणी जाण्याआधी, एवढंच त्यांना हवं होतं.

मला त्यांनी सोबत घेतलं, कारण मास्तर माझ्यावर रागावलेले नव्हते.

खिंडीत त्यांनी गाडी हळू केली. मी समोर बघत राहिले. मनोरला मिशनच्या जुन्या नर्सबाईंकडे जेवलो. बाईंना ऐकू येत नव्हतं, तरी साहेब तासभर त्यांच्याशी बोलत बसले आणि दोघंही खूश. रात्री बोईसरला जानूकडे मुक्काम. जानू म्हणजे जीपचा ड्रायव्हर, आता कारखान्यावर वॉचमन. एका भाड्याच्या खोलीत सहा माणसं, त्यात आम्ही दोघं. चाळीतले कामगार "फादर आये हैं" म्हणत डोकावून गेले.

जानू म्हणाला, "सायेब, मास्तर तुमाला दारात उबा नाय करनार."

"मग अंगणात बसेन."

"आनि अंगनातून हाकललं तर?"

"तर तू आहेसच की रे. परत तुझ्याकडे येईन."

जानूला सकाळी ड्युटी होती, नाहीतर तो बरोबर आला असता आणि हे सगळं घडलं नसतं. आम्ही दोघंच चिंचणीला मास्तरांच्या घरी गेलो. पाळकसाहेब कुणी "आत या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. मास्तर खिडकीशी खाटेवर होते. त्यांनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. सुनेने अंगणात खुर्ची टाकली. साहेब तिथेच बसले. मी आत गेले.

मास्तर मला म्हणाले, "त्यांना विचार, गाडी कुणाची?"

खिडकी उघडी होती, दोघांमध्ये चार हातांचं अंतर. तरी मी बाहेर येऊन विचारलं. साहेब म्हणाले, मुलाची आहे. मी आत जाऊन सांगितलं.

"त्यांना म्हणावं, केस बरेच गेले."

मी पुन्हा बाहेर. साहेब म्हणाले, "त्यांना सांगा, माझे गेले तरी ठीक, त्यांचे आधीच नव्हते." तिसऱ्या खेपेला मी दोघांना सांगितलं की माझे गुडघे दुखतात, मोठ्याने बोला किंवा गप्प बसा. दोघे गप्प बसले. बऱ्याच वेळाने मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "गाडी आहेच तर म्हणावं, समुद्र दाखव. दोन वर्षं आवाजच ऐकतोय."

मास्तरांच्या मुलाने आणि शेजाऱ्याने उचलून त्यांना मागच्या सीटवर ठेवलं. मुलाला कामावर जायचं होतं, तो गेला. साहेबांनी गाडी थेट पुळणीवर घातली. त्या किनाऱ्यावर ओली वाळू घट्ट असते, बैलगाड्या जातात. पण पाळकसाहेबांचं पंचांग रविवार ते रविवार. देशावर राहून तिथी पाहायची सवय गेली. त्या दिवशी पौर्णिमा होती, उधाणाची भरती चढत होती. मास्तरांना लाटा जवळून दिसाव्यात म्हणून ते पुढे गेले, आणखी पुढे गेले आणि चाकं मऊ वाळूत रुतली. फिरवली तशी आणखी रुतली. माझं लक्षही लाटांकडेच होतं.

बोंबील वाळत घालणाऱ्या बायका लांब होत्या. मी ओरडले तेव्हा त्यांनी पाहिलं. एक म्हातारी धावत आली. "कुनाचं डोकं ह्ये? उधानाला गाडी घालतान?" असं म्हणून तिने पोरींना माणसं बोलवायला वस्तीवर पिटाळलं. मी गाडीकडे परत गेले. का गेले ते विचारू नका. प्रत्येक लाट गाडीचं दार ढकलून लावत होती, ते धरून मी उभी राहिले.

आत पाणी सीटच्या वर आलं होतं. पाळकसाहेबांनी मास्तरांना काखेतून धरलं होतं, मान पाण्यावर राहावी म्हणून. मास्तर आता सरळ त्यांच्याशीच बोलत होते.

"खिंडीत हात जोडलेस की नाही? खरं सांग."

"जोडले."

"का?"

"एका वारल्याची पोर आजारी होती. तिला मनोरच्या दवाखान्यात नेत होतो. पोर जीपमध्ये, जानूच्या बायकोच्या मांडीवर. बाप खिंडीत उतरला, हात जोडून रडायला लागला. तो तिथे एकटाच उभा होता."

"मग?"

"मग मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्याचे हात जोडलेले होते. मीही जोडले."

एक मोठी लाट येऊन गेली. माझ्या तोंडात खारं पाणी गेलं. मास्तर खोकले आणि म्हणाले, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू वर विचारलंस."

मास्तरांनी धड हाताने त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली. ते मारणार की काय असं मला वाटलं. पण त्यांनी ती नुसती धरून ठेवली. मग विचारलं, "पोर?"

"मनोर आलं नाही तोवरच गेली."

कोळी आले तेव्हा पाणी माझ्या छातीला लागत होतं. चौघांनी मास्तरांना खेचून बाहेर काढलं, पण कॉलर सुटेना, म्हणून दोघांना एकत्रच ओढत किनाऱ्यावर आणलं. म्हातारीने साहेबांना मनसोक्त शिव्या दिल्या. त्यांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या. ओहोटीला बैल लावून फियाट काढली, पण ती पुन्हा चालू झाली नाही. त्यांचा मुलगा काय बोलला ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

पाळकसाहेब मास्तरांच्या घरी आठवडाभर राहिले. मी दुसऱ्या दिवशी एसटीने पालघरला परतले. दोन वर्षांनी ते देशावर मुलाच्या घरी झोपेत गेले. मला कळलं तोवर माती देऊन झाली होती. अजून कुणी दारात रडत उभं राहिलं तर मी आधी चूल पेटवते, चहा ठेवते. त्याच्याजवळ जाऊन उभं राहणं मला जमत नाही. कधी कधी राहते.

त्या दिवशी गाडीतून आम्ही तिघंही वाचलो. पाळकसाहेबांनंतर मास्तर बरीच वर्षं जगले. मी अजून आहे.