अक्कांनी न दाबलेलं बटण

माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. चहा निवायची वाट मला बघवत नाही, जीभ भाजली तरी चालेल. असल्या बाईला नेटवर्क अॅनालायझरपुढं बसवायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मला नेमकं तिथंच बसवलं, आणि शेजारी अक्कांना.

अक्का आमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख. माहेर सीमेकडचं, त्यामुळं घरात कानडी आणि बाहेर मराठी. मालकांसकट सगळा कारखाना त्यांना अक्काच म्हणतो. आमच्याकडं मोबाइलच्या टॉवरवर लागणारे फिल्टर बनतात. नको तो सिग्नल अडवून हवा तेवढाच पुढं सोडणारे हे अॅल्युमिनियमचे डबे. डब्यात सोडलेला सिग्नल किती उलटा परत आला, ते अॅनालायझर पडद्यावर रेघ काढून दाखवतो. रेघ खाली राहिली तर डबा पास, वर चढली तर नापास. एवढं कळलं की पुढचं कळतं.

अवघड असतात ती बटणं. काहींवर नाव छापलेलं, त्यांचं काम कायमचं ठरलेलं. पडद्याला लागून जी उभी रांग असते तिच्यावर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. जो मेनू उघडाल त्याप्रमाणं त्यांचं काम बदलतं. पहिल्या आठवड्यात मी त्या मेनूंच्या बोळात पार हरवले. अक्का मात्र रेघेवरची नजर न काढता आत शिरायच्या आणि बाहेर यायच्या, आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा न बघता उचलावा तशा. त्यांची एक रीत होती. काय होणार ते मी आधी तोंडानं सांगायचं, मग बटण दाबायचं. 'मार्कर दाबते, म्हणजे रेघेवरच्या ठिपक्याचा आकडा दिसेल,' असं शाळकरी पोरीसारखं म्हणताना मला राग यायचा. पण ते यंत्र मला समजलं ते ह्याच रीतीमुळं.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळूरहून तपासनीस यायचे होते. तिथली कंपनी आमचं नवं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी केलेला पहिला माल पास झाला तर काम कायमचं मिळणार, नाहीतर फिल्टरचं काम बंद करून मालक पुन्हा नुसते पंपाचे सुटे भाग करणार होते. म्हणजे चाचणी विभाग बंद, आणि अक्का, मी सगळ्याच घरी. मालकांनी हे स्पष्टच सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी लवकर येऊन आम्ही पहिला डबा जोडला. दसऱ्याआधी खाली शांत पडलेली रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती. दुसरा डबा जोडला, तेच. तिसराही तसाच. मी घाबरून प्रीसेटच्या हिरव्या बटणाकडं हात नेला. ते दाबलं की चालू असलेल्या सगळ्या जुळण्या, म्हणजे सेटिंग, पुसल्या जातात आणि यंत्र कोरं होतं. अक्कांनी माझं मनगट धरलं. काय होणार ते आधी सांग, म्हणाल्या. मी हात मागं घेतला.

एवढ्यात मालक आले. पडदा बघून त्यांचा चेहरा उतरला. मालक शिकलेले, यंत्रात काय काय आहे ते त्यांना ठाऊक. मेनूत स्मूदिंग नावाची एक सोय असते. ती चालू केली की शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी निघते आणि दातेरी रेघ गुळगुळीत दिसते. डबा आहे तसाच राहतो, फक्त रेघ शहाणी होते.

"अक्का, रेघ जरा गुळगुळीत करता येत्या न्हवं?" मालकांनी हळूच विचारलं.

"येत्या की. पर मी करणार न्हाई."

"मग पावण्यांना दावायचं काय?"

"जे हाय ते."

मालक संतापले. बुडालो तर तुमच्यामुळं बुडालो, असं काहीबाही बोलले. मला अक्कांचा अभिमानही वाटत होता आणि खरं सांगते, रागही येत होता. नोकरी माझीही जाणार होती.

अक्कांनी डबा काढला आणि केबलच्या टोकाला लोड बसवला. लोड म्हणजे सगळा सिग्नल गिळणारा, खात्रीचा छोटा तुकडा. तो लावल्यावर रेघ गुपचूप तळाला जायला हवी. तरीही दाते होतेच. म्हणजे दोष डब्यांचा नव्हता. मग रिकॉल दाबून त्यांनी साठवलेली एक जुळणी आणली, ट्रान्सफॉर्मचा मेनू उघडला आणि रेघेचं रूपच बदललं. आता सिग्नल किती अंतरावरून परत फिरतोय ते दिसू लागलं. उंचवटा एकच होता, अगदी केबलच्या तोंडाशी.

अक्कांनी लोड काढून भिंगातून आत बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत हळदकुंकू होतं.

खंडेनवमीला मालकांच्या आईंनी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. लेथला, ड्रिलला, तसंच ह्या यंत्रालाही. केबलचं सोनेरी तोंड त्यांना देवाच्या टाकासारखं वाटलं असणार, त्यांनी नेमकं तिथंच बोट टेकवलं. पूजेनंतर हत्याराला काम लावायचं नाही म्हणून दोन दिवस कुणी तिकडं फिरकलंच नव्हतं.

मालक ताडकन आईला फोन लावायला निघाले. अक्कांनी अडवलं. "आईंना काय बोलू नगा. त्यांनी देवाचं केलं. तोंडाला टोपी बसवायची ऱ्हायली, ती माझी चूक."

कापूस, स्पिरिट, मग कॅलिब्रेशन पहिल्यापासून. डबा जोडला. रेघ खाली जाऊन गप्प बसली. मला रडू आलं.

तपासनीस आले. मालकांनी 'या पावणं' म्हणत सोन्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, चहा पुढं केला. त्यांनी चहाला हात लावला नाही. डब्यांकडंही बघितलं नाही. सरळ यंत्रापुढं बसले आणि आधी मेनू उघडून स्मूदिंगची ओळ काढली. तिच्यापुढं 'बंद' दिसत होतं. मग त्यांनी अक्कांना कानडीत काहीतरी विचारलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "इल्ला."

इल्ला म्हणजे नाही, एवढं कानडी कोल्हापुरात कुणालाही कळतं. हे कधी वापरता का, असं त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं. माझ्या मागं उभ्या असलेल्या मालकांचा श्वास मला ऐकू आला. तपासनिसांनी मान हलवली, मग चहा उचलला, आणि दुपारपर्यंत एकेक डबा तपासून सगळा माल पास केला.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मालक आमच्या खोलीत परत आले. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अक्का, ह्या खोलीत आजपास्नं मी काय बी सांगितलं तरी तुमचंच चालायचं."