कुसाबाईंचं रेशमी मोजमाप

माझा स्वभाव तापट. नाशिकला माझा डोळ्यांचा दवाखाना होता तेव्हा पेशंट त्यावरून मला नावं ठेवत, आणि ते बरोबरच होतं. पण येवल्याच्या कुसाबाईंच्या बाबतीत माझ्या खेकसण्याचा फायदा झाला.

साल १९९७. कुसाबाईंचे यजमान वाल्मीक पैठणी विणायचे. रेशीम उकळताना स्टोव्हचा भडका उडाला आणि त्यांचा चेहरा भाजला. जीव वाचला, नजरही वाचली. पण पापण्या आखडल्या आणि डोळे पुरते मिटेनात. असा डोळा वरून कोरडा पडतो, सुजतो, लाल होतो. त्यात जखम झाली की बुबुळावर फूल पडायला वेळ लागत नाही, आणि मग कसला माग नि कसली पैठणी. म्हणून दर गुरुवारी माझ्याकडे तपासणी, आणि मधल्या दिवसांत लक्ष ठेवायचं काम कुसाबाईंचं. लाली वाढली तर त्याच दिवशी निघून या, असं मी बजावलं होतं.

"कशी होती लाली आठवडाभर?" मी विचारायचो.

"हाय तशीच."

तिसऱ्या गुरुवारी मी चिडलो. "तशीच म्हणजे केवढी? काही माप आहे की नाही?"

 पुढच्या गुरुवारी कुसाबाईंनी पिशवीतून एक पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्यावर रेशमाचे धागे गुंडाळलेले, रोजचे दोन, एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा. सकाळी दहाला नवऱ्याला दारात त्याच जागी बसवायचं, खालची पापणी ओढायची आणि आतल्या लालीला जुळणारा धागा लडीतून काढायचा. बाईंचं आयुष्य मागासाठी रेशीम गुंडाळून कांड्या भरण्यात गेलेलं. फिकी अबोली आणि लाल कुसुंबी यांच्यामधल्या सहा छटा त्यांना वेगवेगळ्या दिसत; मला दोन दिसल्या तरी पुष्कळ.

मी हसलो. मग यंत्रातून डोळे पाहिले आणि हसू आवरलं. धागे जसे फिके होत गेले होते, तसेच डोळेही निवळत होते.

चौथ्या महिन्यात एका सोमवारी दोघं दत्त म्हणून उभे. वाल्मीक वैतागलेले. "सायेब, मला काय बी व्हत नाय. हिनं मागावरून उठवलं."

कुसाबाईंनी दोन धागे पुढे केले. "ह्यो कालचा, ह्यो आजचा. डावा डोळा लाल व्हाय लागलाय."

मला दोन्ही धागे सारखेच दिसले. डोळाही गुरुवारसारखाच. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली. "गुरुवारी या," मी म्हणालो. वाल्मीक उठले. कुसाबाई बसूनच राहिल्या.

"तपासा, मग जाते."

कुरकुरत मी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला आणि निळा उजेड लावला. बुबुळाच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका चमकला. जखम सुरू झाली होती, आणि सतत कोरडा पडून बधिरलेल्या डोळ्याला तिचं दुखणं कळत नव्हतं. गुरुवारपर्यंत ती मध्यावर पोचली असती.  वाल्मीकना तिथेच ठेवून घेतलं, तासातासाला औषध घातलं. सहाव्या दिवशी ठिपका गेला. मी कुसाबाईंची माफी मागितली. सवय नसल्यामुळे ती जरा ओरडूनच मागितली गेली.

पुढच्या वर्षी पापण्यांचं ऑपरेशन झालं आणि डोळे पूर्ण मिटू लागले. शेवटच्या तपासणीला मी खुशीत म्हणालो, "कुसाबाई, सुटलात. आता रोज डोळे बघायची गरज नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "बघायचं सोडू व्हय? बावीस वर्सं झाली लग्नाला. ह्यांची मान मागावर, माझी कांडीवर. ह्या दुखण्यापायी पयल्यांदा रोज माझ्यासमोर बसाय लागले. आता मला नाय सोडवायचं."

वाल्मीक खाली बघून हसत होते. मी चिठ्ठी ओढली आणि थेंबांच्या नावाखाली लिहिलं: रोज सकाळी दहाला डोळे बघणे, चालू ठेवावे.