गुणवंत काकांवर मी घेतलेला संशय

"गुणवंत काका हिशेबात गडबड करतात," असं मी मालकांना लेखी दिलं होतं.

काका काल सकाळी गेले. हार्ट अटॅक.

चाकणला एक प्रेसशॉप आहे, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतात. काका तिथले अकाउंटंट. मूळचे लातूरकडचे, बावीस वर्षं एकाच खुर्चीत.

मी ताथवड्याहून जायचे. नवीन ओपन सोर्स ERP, म्हणजे माल, स्टॉक, बिलं सगळं एकत्र सांभाळणारी सिस्टीम, बसवायची आणि काकांच्या जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला जोडायची, हे माझं काम. बिल ERP मध्ये बनलं की काकांकडे आपोआप उतरलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "लायसन केवढ्याचं?"

"फुकट आहे काका. ओपन सोर्स."

"फुकट कोण देतंय मॅडम? आपला डेटा घेत असतील तिकडं."

मी जवळ गेले की ते स्क्रीन थोडी वळवायचे.
पासवर्ड टाकताना कीबोर्डवर हात आडवा.
रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात.

मला वाटायचं, हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय.

एकदा म्हणाले, "मालाची गाडी परत आली तर काय करायचं तुमच्या सिस्टीममध्ये?"
मला तो टोमणा वाटला. म्हटलं, "गाडी परत येऊ नये हे क्वालिटीवाले बघतील."
ते परत आपल्या स्क्रीनकडे वळले.

सिस्टीम चालू झाली. महिनाअखेर मी दोन्हीकडची बिलं ताडून पाहिली.

अकरा बिलं फक्त काकांकडे होती. ERP मध्ये त्यांचा पत्ताच नाही.
सगळी एकाच कस्टमरची. सगळी काकांच्या लॉगिनने, हाताने टाकलेली. सगळी संध्याकाळी, मी निघून गेल्यावर.

आता शंका कसली उरली होती?

मी मेल लिहिला. मालकांना, आणि CA ला कॉपी.

मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. "चौकशी होईपर्यंत घरी बसा."
काकांनी आवाज चढवला नाही. चष्मा डब्यात ठेवला, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, बघा, चोराला कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी डिस्पॅचचे शिंदे भाऊ आले. "मॅडम, गेटवर गाडी उभीय तासभर. तुमचा कॉम्प्युटर बिलच देईना."

जाऊन बघितलं. कस्टमरने रिजेक्ट केलेला माल दुरुस्त होऊन परत चालला होता. असा माल जुन्याच चलन नंबरवर, म्हणजे पहिल्या वेळी मालासोबत गेलेल्या कागदाच्याच नंबरवर, पाठवायचा, ही कस्टमरची अट.
आणि एकच चलन नंबर दुसऱ्यांदा आला की ERP बिल अडवायची. डुप्लिकेट नको, म्हणून तो नियम मीच टाकला होता. स्क्रीनवरचा लाल मेसेजसुद्धा माझ्याच शब्दांत.

"मग आधी काय करायचात?"

"अशी गाडी नेहमी संध्याकाळी भरायची, आज दुपारीच भरली. काका जुन्यात बिल काढून द्यायचे. गाडी सोडायला नको?"

अकरा बिलं. अकरा गाड्या.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, बोलावतो त्यांना. तुम्ही ते दुरुस्त करा. विषय संपला."

माझ्यासाठी कसा संपेल?

दापोडीला काकांच्या घरी गेले. रेल्वेलाईनच्या बाजूची गल्ली, दोन खोल्या. काकूंनी पाणी ठेवलं आणि आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. काका ऐकत होते. मग म्हणाले,
"मला का इचारलं न्हाई? खुर्ची तर शेजारीच होती."

"वाटलं, तुम्ही खोटं सांगाल."

"मलाबी तुमच्याबद्दल तेच वाटायचं."

मग त्यांनीच विचारलं, "एक खरं सांगा. हे तुमचं जोडून झालं की माझं काम जाणार?"

खोटं बोलणं सोपं होतं.
"अर्धं जाईल, काका."

त्यांनी मान हलवली. "हे पहिल्यांदा खरं बोललात."

यायला तयार झाले, पण एका अटीवर. लेखी दिलं होतं, तर आता तोंडी सांगायचं. सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उभी राहून मी सांगितलं, की चूक माझी होती, काकांनी एकही खोटं बिल केलेलं नाही. मालक मोबाईल बघत होते. शिंदे भाऊ माझ्याकडे बघत होते.

काकांनी चष्मा काढला, पुसला, कामाला लागले.

पुढे माझी प्रत्येक स्क्रीन त्यांनी तपासली. "ह्यात कुठं फसतंय ते दावतो" म्हणायचे, आणि फसवून दाखवायचे. ती जोडणी आज तिथे विनातक्रार चालते, त्यातली निम्मी अक्कल त्यांची आहे.

पण त्यांनी मला माफ केलं होतं का, हे मला कळलेलं नाही.

शेवटपर्यंत मी "मॅडम"च राहिले. कधी "पोरी" म्हणाले नाहीत. शिंदे भाऊंच्या मुलीला म्हणायचे.

स्वतःच्या मुलीच्या लग्नाला मात्र काकांनी मला आवर्जून बोलावलं. मांडवात हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं.
"ह्या आमच्या मॅडम. ह्यांनीच मला घरी बसवलं होतं."

सगळे हसले. मीही हसले.
काका हसले की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

आज वाटतंय, तेव्हा बघायला हवं होतं.

काका, माझं चुकलं होतं. हे पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर.
शांतपणे जा. मनापासून नमस्कार.