सासूबाईंच्या पिशवीतलं प्रवाळ

दोन वर्षांपूर्वी आम्ही अंदमानला गेलो. एल.टी.सी. माझी, हौस सासूबाईंची.

त्या आमच्याकडेच राहतात, जबलपूरच्या मदन महलला. मूळच्या वर्ध्याच्या, पण नर्मदेने त्यांना पुरतं आपलंसं केलंय. ग्वारीघाटावर गेल्या की पाण्यातला एखादा गोटा उचलून आणायचाच. इथे म्हणतातच, नर्मदेचा कंकर तो शंकर. आमच्या तुळशीच्या कुंडीत मातीपेक्षा शंकर जास्त झाले होते.

अंदमानात प्रवाळ बघायला गेलो ते बेट मात्र राखीव. बोटीत चढण्याआधीच बजावलं, शिंपला नाही, वाळू नाही, मेलेलं प्रवाळसुद्धा आणायचं नाही. तळाला काच असलेल्या होडीतून खाली बघितलं तर फुलकोबीचा मळाच फुललेला, अन् त्यातून निळेपिवळे मासे सदर बाजारात रविवारी हिंडावं तसे हिंडत होते.

"हेच का ते मंगळाचं पोवळं?" सासूबाईंनी विचारलं. "हे तर लाल नाही. सोनार फसवून राहिले की काय?"

बायकोने हिंदीत सांगितल्यावर अख्खी होडी हसली.

नंतर किनाऱ्यावर मला एक तुकडा दिसला. बोटभर, पांढरा, जाळीदार. मी आयुष्यात कोणाचं पेनही उचललेलं नाही. हा उचलला आणि बर्म्युडाच्या खिशात टाकला. परत धक्क्यावर उतरतो तर तपासणी, अन् खिसेही चाचपून राहिले होते. सासूबाईंची कापडी पिशवी माझ्याच खांद्यावर होती. म्हटलं, म्हातारीची पिशवी कोण बघतंय? तुकडा आत सरकवला आणि पिशवी त्यांच्या हाती दिली.

बघितली.

"माताजी, सुबह समझाया था ना?" तपासणारी बाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण रांगेतले सगळे वळले.

सासूबाई तुकड्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मैंने ही उठाया होगा, बेटी. आदत है."

मी समुद्राकडे बघत होतो. फार सुंदर दिसत होता.

ताकीद देऊन सोडलं. जबलपूरला आल्यावर त्याचा किस्सा झाला. माझा साळा दर सणाला म्हणायचा, "आई, काळ्या पाण्याची सजा थोडक्यात हुकली तुझी!" त्या हसायच्या. मीही हसायचो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

पण घाटावरचे गोटे बंद झाले. मग दुकानातून निघताना त्या पर्स उघडून बायकोपुढे धरू लागल्या. "बघ बाई, काही उचललं तर नाही ना मी?" बायकोला ती थट्टा वाटली. मीही ती थट्टाच समजायचं ठरवलं.

गेल्या महिन्यात नागपूरला त्यांच्या लाडक्या भाचीचं लग्न होतं. भरलेली बॅग त्यांनी चार दिवस आधी रिकामी केली.

"तुम्ही जा. लग्नघरात लोकांचे दागिने असतात. मला तो तुकडा उचललेला आठवतच नाही. उद्या कोणाचा हार उचलला अन् तेही आठवलं नाही तर?"

दुपारी त्या मेथी निवडत असताना मी समोर जाऊन बसलो.

"आई, तो तुकडा मी उचलला होता. तपासणी दिसली म्हणून तुमच्या पिशवीत टाकला."

बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "दोन वर्षं?" एवढंच म्हणाली.

"माझं मन राखायला तर नाही ना सांगून राहिले, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

आता मला माझी चोरी सिद्ध करावी लागली. तुकडा कोणत्या झाडाखाली सापडला, कोणत्या खिशात ठेवला, पिशवीत टॉवेलच्या खाली कसा सरकवला, सगळं सांगितलं. माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती, ती राहूनच गेली.

"म्हणजे डोकं माझं ठीक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "काहून केलं असं?"

"भीती वाटली."

"मलाही वाटून राहिली होती. इतके दिवस."

हे म्हणताना त्या हसल्या नाहीत. मेथीच्या काड्या बाजूला सारल्या आणि फोन मागितला. आधी मुलाला, मग जावेला, मग नागपूरच्या बहिणीला. तिसऱ्या फोनपर्यंत तुकडा नारळाएवढा झाला होता.

"अगं, मी नाही, जावई! हो, येऊन राहिले ना लग्नाला. चोरालाही घेऊन येते."